केरबा जावयाची बेगड

एका गावात एक भोळा जावई होता. गाव सासऱ्याचं, भोळेपणा जावयाचा. नाव केरबा. अंगाने धडधाकट, मनाने निर्मळ, आणि सांगितलं तेवढंच करणारा. पण सांगितलेलं असं करायचा की सांगणाऱ्याला वाटावं, देवाने आपल्याला वाचा दिलीच कशाला.

त्याची बायको कौतिका रुसून माहेरी आली होती. कारण तसं लहानच. एकदा तिने घर सारवलं. केरबा खाटेवर बसलेला. ती म्हणाली, "वल्लं हाय. वाळस्तोवर खाली पाय टेकवू नका." आणि नदीवर धुणं धुवायला गेली. तेवढ्यात शेजाऱ्याची शेळी घरात शिरली. तिने आधी पीठ खाल्लं, मग डाळ, मग दोरीवरच्या नव्या लुगड्याचा पदर. केरबा खाटेवर पाय वर घेऊन सगळं बघत होता. कौतिका परतली तेव्हा तो छाती पुढे काढून म्हणाला, "मी पाय टेकवला न्हाई. शेळीनं टेकवला." कौतिकाने उरलेलं लुगडं गाठोड्यात बांधलं आणि बापाचं घर गाठलं.

केरबाला घर खायला उठलं. चुलीवर भाकरी करपायची, पण ओरडायला कुणी नाही. ओरडण्यावाचून करपलेली भाकरी गिळवेना. पाचव्या दिवशी तो बैलगाडी घेऊन सासुरवाडीच्या दारात हजर झाला.

सासरा दाजिबा जिनगर. पंचक्रोशीत त्याच्यासारखी बेगड लावणारा दुसरा नव्हता. बेगड म्हणजे कागदासारखा पातळ चमकदार पत्रा, फुंकर मारली तर उडणारा. ती मुकुटाला लावा, मुखवट्याला लावा, बैलाच्या शिंगाला लावा, वस्तू सोन्याची दिसते. पण ती टिकते कशी, सगळी मेख तिथे असते. कशाला कोणता चिकटा चालतो, हे दाजिबाला आपल्या बोटांइतकं ठाऊक होतं. त्याने लावलेली बेगड सुटली, असं कुणी ऐकलं नव्हतं.

"मामा, कौतिकेला न्यायला आलो," केरबा म्हणाला.

"मी न्हाई यायची," कौतिका आतून म्हणाली. "शेळीला घेऊन ऱ्हावा म्हणावं." पण केरबाच्या ताटात तिने दोन पळ्या तूप जास्त वाढलं, हेही खरं.

दाजिबाने विचार केला. मग म्हणाला, "जावईबापू, पोळ्याला अजून महिना हाय. तवर माझ्या हाताखाली ऱ्हावा. येक काम असं करून दावा, की चिकटवलेलं सुटणार न्हाई. त्या दिवशी लेक तुमच्या गाडीत बसवतो."

"आन् सुटलं तर?"

"तर लेक हितंच."

केरबाने बोटांवर मोजलं. एक काम. एकच बोट लागलं. त्याला फार सोपं वाटलं.

दाजिबा तेव्हा गोकुळाष्टमीसाठी कागदाचा मुकुट करत होता. तो म्हणाला, "हे बघा, ही चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. ही लावली की बेगड बसलीच समजा."

केरबा पुटपुटत निघाला, "बेगडीला खळ. बेगडीला खळ."

दुसऱ्या दिवशी दौलत पाटलांची बैलजोडी बाजारात विकायला जायची होती. शिंगं सजवायचं काम केरबाकडे आलं. त्याने चारी शिंगांना खळ लावली, वर बेगड लावली. जोडी अशी झळकली की पाटील आपल्याच बैलांना रामराम करून पुढे गेले. जोडी बाजाराच्या वाटेला लागली. वाटेत एका बैलाने दुसऱ्याच्या शिंगाला जीभ लावून बघितली. खळ गोड लागली. दुसरा म्हणाला असेल, मग मी का मागे राहू. बाजार येईपर्यंत चारी शिंगं चाटून लखलखीत झाली, आणि बैलांच्या जिभा सोनेरी. गिऱ्हाईक दात मोजायला बैलाचं तोंड उघडायचं आणि हात जोडून मागे सरायचं. जोडी विकली गेली नाही, पण नवसाला पावते अशी बातमी पसरली.

आता दाजिबाच्या घरची रीत अशी, की जावयाला शब्दाने दुखवायचं नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह. वाकडा असला तरी पाटावरच बसवायचा. म्हणून दाजिबाने समोरच्या बोक्याकडे तोंड केलं.

"अरे बोक्या! खळ म्हंजी खायची चीज! ती बैलाच्या म्होरं कुणी ठेवतं का रं? डोस्कं हाय का खोकं?"

बोका दूध पीत होता. त्याने दूध सोडलं.

"मामा, बोक्याला कशापायी बोलता?" केरबा म्हणाला. "बेगड मी लावली हुती."

"ठाव हाय मला," दाजिबा म्हणाला. आणि गोड आवाजात पुढे म्हणाला, "जावईबापू, शिंगाला राळ लागती. राळ चुलीवर पातळ करायची आन् गरम गरम लावायची. धूर निघाया पायजे. बरं, काम सुटलं ना?"

"सुटलं."

"लेक हितंच."

केरबा पुटपुटत निघाला, "गरम गरम. धूर निघाया पायजे."

गोकुळाष्टमी आली. देवळापुढे कृष्णलीला होती. कृष्णाचं सोंग वीस वर्षं शंकर तेलीच घेत होता. आता त्याला मिशा होत्या, पोट होतं, नातवंडं होती. पण गावाला सवय झाली होती. शंकर मुकुट घालून तयार झाला आणि ऐन वेळी मुकुटावरचं बेगडीचं एक फूल लोंबायला लागलं.

"केरबा, येवढं चिकटव बिगी बिगी," शंकर म्हणाला. "मुरली वाजाया लागली."

"हलू नकोस, देवा," केरबा म्हणाला. त्याने पळत जाऊन राळेची पळी आणली आणि फुलावर ओतली. धूर निघाला. केरबाला बरं वाटलं, कारण धूर निघायलाच हवा होता. मग जाळ निघाला. त्याबद्दल मामा काही बोलले नव्हते.

कृष्णाने "आई गं!" म्हणून आरोळी ठोकली. दोन गौळणी आडव्या पाडल्या, पेंद्याच्या पाठीवरून उडी मारली आणि देवळामागच्या डोहात बुडी घेतली. लोकांना वाटलं, यंदा कालियामर्दन लवकर आलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. कालिया झालेला गडी पारावर विडी ओढत बसला होता, तोही टाळ्या वाजवायला लागला. शंकर वर आला तेव्हा मुकुट नव्हता आणि डावी मिशी नव्हती. बाकी देव सुखरूप होता.

"अरे बोक्या!" दाजिबा गरजला. "कागदाला जाळ दावतोस? उद्या पाण्याला पीठ लावून तळशील!"

बोका कौलावर चढून बसला.

"जावईबापू," दाजिबा दात आवळून म्हणाला, "कागदाला गरम काय बी चालत न्हाई. थंड खळ लावायची. आन् वर वजन ठेवायचं, जड. वाळस्तोवर उचलायचं न्हाई. सुटलं ना काम?"

"सुटलं न्हाई, मामा. जळलं."

"लेक हितंच."

"थंड खळ. वर वजन. जड," केरबा पुटपुटला.

त्यानंतर दाजिबाने पुढच्या महिन्यातल्या गौरींसाठी दोन मुखवटे घडवले. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. कच्च्या मातीचे, अजून नीट न वाळलेले. दोन दिवस खपून त्याने भुवया काढल्या, ओठ काढले, हसू असं काढलं की बघणाऱ्याने हात जोडावेत. फक्त नथा तेवढ्या बेगडीच्या लावायच्या होत्या. दाजिबा म्हणाला, "जावईबापू, नथंपुरती बेगड. येवढी येवढी. इतकं तर हुईल?"

"हुईल की," केरबा म्हणाला.

त्याने थंड खळ लावली. नथा बसवल्या. मग मुखवट्यांवर पाटा ठेवला. पाटा त्याला हलका वाटला. म्हणून त्यावर वरवंटा ठेवला. तरी मन भरेना. म्हणून तो स्वतः वर बसला. वाळेपर्यंत उठायचं नव्हतं, म्हणून उठला नाही.

दुपारी कौतिका त्याला शोधत आली. "जेवाया येत न्हाई का? आन् हे कशावर बसलायसा?"

"तुला घरी न्यायच्या कामावर बसलोय," केरबा म्हणाला. "उठलो तर बिघडंल."

कौतिकाने पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. आजवर तिच्यासाठी कुणी असं घट्ट बसून राहिलं नव्हतं. ती ताट तिथेच घेऊन आली आणि तो पाट्यावर बसूनच जेवला. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, वजन वाढावं म्हणून.

संध्याकाळी त्याने पाटा उचलला. खाली ज्येष्ठा नव्हती. कनिष्ठाही नव्हती. दोन भाकऱ्या होत्या, नथ घातलेल्या.

दाजिबाने त्या बघितल्या. त्याने बोक्याला हुडकलं. मग तो कडाडला. "अरे बोक्या! अरे माती हाय ती! तिला दाबतोस? लेकरावाणी जपायची ती! डिंक लावावा, छातीशी धरावं, अंगाई म्हणावी, वाळस्तोवर हलू देऊ नये! आन् तू तिच्यावर बसतोस?"

बोका त्याच दिवशी शेजारी राहायला गेला, तो परत आलाच नाही.

"पर मामा," केरबा म्हणाला, "नथा सुटल्या न्हाईत."

"नथा न्हाई सुटल्या, नाक सुटलं! लेक हितंच!"

केरबा निघाला. "डिंक. छातीशी धरायचं. अंगाई म्हणायची."

आता मारुतीच्या देवळातल्या लाकडी खांबाला पितळी पत्रा मढवायचा होता. केरबाने खांबाला डिंक फासला, पत्रा गुंडाळला, आणि खांबाला कवटाळून बसला. मग डोळे मिटून म्हणायला लागला, "नीज नीज रे बाळा, नीज माझ्या खांबा."

शनिवार होता. दर्शनाला गर्दी. एक म्हातारी म्हणाली, "नवस दिसतोय, बाई." दुसरी म्हणाली, "कडक हाय. जेवणखाण सोडलंय." पहिलीने केरबाच्या गळ्यात रुईचा हार घातला. दुसरीने त्याच्या पायाशी नारळ फोडला. तिसरीने आपल्या सुनेला खांब आणि केरबा मिळून सात प्रदक्षिणा घालायला लावल्या. केरबा हलला नाही. दिवे लागायच्या सुमारास त्याने हळूच हात सोडले. खांबात कैक वर्षांचं मारुतीचं तेल मुरलेलं होतं. पत्रा धाडकन खाली आला. हार तेवढा राहिला.

या वेळी बोका नव्हता. दाजिबा इकडे तिकडे बघत राहिला आणि शेवटी उखळावर ओरडला. "अरे उखळा! तेलावर कंदी काय चिकटलंय का? आधी राख लावावी! काथ्यानं घासून खरखरीत करावं! कोरड्या फडक्यानं पुसावं! लेक हितंच!"

बघता बघता पोळा उद्यावर आला. कौतिकाचं गाठोडं कोपऱ्यात पडून होतं. ती येता जाता त्याच्याकडे बघायची. चार कामं झाली होती आणि चारीच्या चारी वाया गेली होती. आता एकच उरलं होतं. हे गेलं की केरबा एकटाच परत जाणार होता, आणि हे केरबालाही कळत होतं. त्या दिवशी त्याने तुपाकडे बघितलं नाही.

काम दौलत पाटलांचं होतं. त्यांच्या थोरल्या बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा कातडी पट्टा. त्याला पितळी पत्रा लावायचा होता. पत्रा पाटलांनी शहरातून आणवला होता, पट्ट्यापुरता, तसूभर जास्त नाही.

दाजिबाने स्वतः कातडं-हाडं उकळून सरस शिजवला, त्यात गूळ घातला आणि केरबाला समोर बसवलं.

"ध्यान द्या, जावईबापू. कातडं वाकतं. म्हणून सरसात गूळ घातलाय, म्हंजी सरस बी वाकंल आन् पत्रा सुटणार न्हाई. सरस कोमट पायजे, बोटाला सोसंल इतका. आधी राख, मग काथ्या, मग फडकं. मग सरस, मग पत्रा. वाळस्तोवर हलू द्यायचं न्हाई. समजलं?"

"समजलं."

"आन् सगळ्यात मोठं ध्यानात ठिवा. येकदम पट्ट्याला हात घालू नका. आधी दुसऱ्या कातड्यावर लावून बघा. पट्ट्याचं कातडं जुनं हाय, तेलकट हाय, सुरकुत्या पडल्यात. तसंच कातडं हुडका. नव्या कोऱ्यावर बघून उपेग न्हाई. उपटून बघायचं. सुटलं न्हाई तरच पुढचं काम."

एवढं बोलून दाजिबा दमला. जेवून ओसरीवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

केरबा कातडं हुडकायला निघाला. वहाण बघितली, ती तेलकट नव्हती. मोट बघितली, ती ओली होती. शेजाऱ्याचा ढोल बघितला, त्याला सुरकुत्या नव्हत्या. हिरमुसला होऊन परत आला आणि ओसरीवर टेकला. समोर दाजिबाचं टक्कल होतं.

केरबाने वाकून बघितलं. जुनं होतं. तेलकट होतं. सुरकुत्या होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला.

तरी त्याने विचारून घेतलं. तो काही अगदीच अडाणी नव्हता. "मामा, हे कातडं चालंल का?"

"हंऽऽ," दाजिबा घोरला.

केरबाने राख लावली. काथ्याने घासलं. दाजिबा झोपेतच म्हणाला, "जरा डावीकडं." केरबाने डावीकडे घासलं. फडक्याने पुसलं. सरस बोटाला लावून बघितला, कोमट होता. मग त्याने सरस लावला आणि पत्रा बसवला. कानापासून कानापर्यंत, कपाळापासून मानेपर्यंत, एकेक सुरकुती अंगठ्याने दाबत. सगळा पत्रा बरोबर पुरला. मग ते डोकं छातीशी धरून तो बसून राहिला. दाजिबाला गेल्या दहा वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

चार वाजता दाजिबा उठला. डोकं जड वाटलं. तांब्यात बघितलं. तांब्याहून जास्त ते चकाकत होतं.

त्याने तोंड उघडलं. बोका नव्हता. उखळ लांब होतं. शेवटी त्याने रीत मोडली. "जावईऽऽ! हे काय केलंत?"

"आधी लावून बघा म्हणलात ना? आता उपटून बघतो," केरबा म्हणाला आणि उपटायला लागला. भुवया वर गेल्या, कान वर गेले, दाजिबासुद्धा थोडा वर गेला. पत्रा गेला नाही.

"कौतिके! ऊन पाणी आण! सरस ऊन पाण्यानं सुटतो!"

कौतिका पाणी घेऊन आली, पण दारातच थांबली. तिने बापाच्या डोक्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "आणलंय पाणी. पर बाबा, आधी सांगा. सुटतंय का?"

"न्हाई सुटत गं!"

"नीट वढून बघा."

दाजिबाने दोन्ही हातांनी ओढलं. "न्हाई! न्हाई सुटत!"

"मग येक काम झालं," कौतिका म्हणाली आणि गाठोडं उचलायला वळली. चालताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. केरबाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने नाकातोंडातून असा आवाज काढला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

तेवढ्यात दौलत पाटील पट्टा न्यायला आले. त्यांनी दाजिबाच्या डोक्यावर बोटाने टिचकी मारली. टण्ण वाजलं. "वा! ह्याला म्हंतात काम! पट्टा कुठाय?"

"पट्टा कोरा हाय," केरबा म्हणाला. "पत्रा ह्याच्यातच संपला."

पाटलांनी कोरा पट्टा उचलला आणि दाजिबाच्या डोक्याशी धरून बघितला. मग म्हणाले, "दाजिबा, पाणी लावशील तर बघ. पत्रा माझा हाय. मी साऱ्या गावाला सांगून ठिवलंय. उद्या माझ्या बैलाच्या गळ्याशी तो दिसलाच पायजे."

म्हणून दुसऱ्या दिवशी पोळ्यात पाटलांचा थोरला बैल निघाला, आणि त्याच्या गळ्याला बिलगून दाजिबा. बायकांनी आधी बैलाला ओवाळलं, मग दाजिबाला. पुरणपोळी दोघांना दिली. बैलाची पाठ थोपटली, तशी दाजिबाचीही थोपटली. त्या वर्षी तोरणाखालून सगळ्यात झोकात तोच गेला, असं अजून लोक सांगतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाने गाडी जुंपली. कौतिका गाठोडं मांडीवर घेऊन बसली. दाजिबा ऊन पाण्याचा हंडा भरून, तांब्या हातात घेऊन, गाडी हलायची वाट बघत अंगणात उभा होता. आता एकदाची आंघोळ. गाडी दहा पावलं गेली आणि थांबली. केरबा उतरून परत आला. त्याचे डोळे भरले होते.

"मामा," तो पाया पडून म्हणाला, "तुमी शब्द पाळला. मी बी पाळीन. तुमचं म्हणणं हुतं, सुटलं तर लेक हितंच. तवा त्ये जरा जरी सुटलं, तरी निरोप धाडा. मी त्याच दिवशी कौतिकेला घेऊन येतो. आन् दुसरं काम करून दिल्याबिगर हितनं हलत न्हाई. महिना लागू दे, वरीस लागू दे!"

दाजिबाने केरबाकडे बघितलं. हातातल्या तांब्याकडे बघितलं. आणि तांब्या हळूच खाली ठेवला.

आज या गोष्टीला बारा वर्षं झाली. केरबा आणि कौतिकाचा संसार सुखाचा चालला आहे. दाजिबा अजून पावसात बाहेर पडत नाही, आणि आंघोळ मानेपासून खालीच करतो.